खेळाचा तास दुपारच्या उन्हात घ्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत शाळाशाळांमधून दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक तयार होतं. ते तयार होण्याआधी हे पत्र छापून यावं म्हणून घाईने लिहिते आहे. माझी मागणी एकच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत मुलांचा खेळाचा तास सकाळी पहिला किंवा संध्याकाळी शेवटचा ठेवू नये. तो मधल्या सुट्टीच्या मागेपुढे, साडेअकरा ते दोनच्या दरम्यान ठेवावा आणि उघड्या मैदानावरच घ्यावा. मुलांच्या हाडांसाठी हे मागते आहे.

मी आरोग्यसेविका होते. नोकरीची बहुतेक वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा ह्या डोंगराळ तालुक्यातल्या पाड्यांवर गेली. आता निवृत्त होऊन नाशिकला मुलाकडे राहते. पाड्यावरची मुलं पाहिली आणि आता आमच्या बारा मजली इमारतीतली मुलंही रोज पाहते, म्हणून हे लिहिण्याचा मला अधिकार आहे असं वाटतं.

आमच्याच इमारतीत सातव्या मजल्यावर अडीच वर्षांची एक मुलगी होती. घर सुखवस्तू, आईवडील दोघं शिकलेले, खायला-प्यायला काही कमी नाही. मुलगी चालायलाच वीस महिन्यांनी लागली. चालताना दोन्ही गुडघ्यांमध्ये चांगलं अंतर पडायचं. ‘घराण्यातच अशी चाल आहे’ म्हणून घरच्यांनी सोडून दिलं होतं. एकदा लिफ्टपाशी तिचा हात हातात घेतला तेव्हा मनगट लागलं. हात काडीसारखा बारीक, पण मनगटाशी हाड रुंद होऊन दोन्ही बाजूंना कड आलेली. कपाळ जरा पुढे आलेलं, थंडीतसुद्धा डोकं घामाने ओलं. मी तिच्या आजीला म्हटलं, काकू, ह्या पोरीला उद्याच बालरोगतज्ज्ञांकडे न्या. मनगटाचा एक्स-रे झाला, रक्त तपासलं. मुडदूस निघाला, म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ राहण्याचा आजार.

तिची आई मला म्हणाली, ‘मावशी, ऊन तर आम्ही देतो की! रोज तासभर खिडकीत बसवतो.’ ती खिडकी मी जाऊन पाहिली. बैठकीच्या खोलीची मोठी सरकती काच, धूळ आणि डास येतात म्हणून कायम बंद. काचेतून उजेड येतो, ऊबही येते. पण कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण काचेतच अडतात. पोर तासभर उन्हात बसत होती आणि तिच्या हाडांना त्यातलं काहीच मिळत नव्हतं. पुढे औषध सुरू झालं, ‘ड’ आणि कॅल्शियम दोन्ही मिळालं, काचेची खिडकी उघडली, पोर खाली अंगणात येऊ लागली. वर्षभरात मनगटं उतरली, पायांचा बाकही पुष्कळ कमी झाला. वेळेत सापडलं म्हणून.

हे वाचून कुणी आपल्या तान्ह्या बाळाचे पाय बघून घाबरू नये. दोन वर्षांपर्यंत बाळाचे पाय थोडे धनुकलीसारखे असतातच. तीन-चार वर्षांचं झालं की उलट गुडघे एकमेकांना लागतात आणि सातव्या वर्षाच्या सुमाराला पाय सरळ होतात. ही वाढीची रीतच आहे. मनगटं रुंद दिसणं, छातीच्या फासळ्यांवर दोन्ही बाजूंना मण्यांसारख्या गाठी हाताला लागणं, टाळू दीड वर्षानंतरही न भरणं, चालायला-दात यायला फार उशीर होणं, दोनच्या पुढे बाक वाढतच जाणं किंवा एकाच पायाला असणं, ह्यातलं काही असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

आता उन्हाकडे येते, कारण ह्यात मोठा गैरसमज आहे. आपल्याकडे बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरतात. ते धरावं, बाळाला ऊब मिळते, आईलाही चार घटका मोकळी हवा मिळते. पण त्या उन्हात ‘ड’ जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही. सूर्य खाली असतो तेव्हा हे किरण तिरके येतात आणि वातावरणातच शोषले जातात. ते जमिनीपर्यंत पोचायला सूर्य वर यावा लागतो. ह्याची खूण घड्याळाशिवाय कळते: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कामाचं.

संक्रांतीच्या सुमाराला मी आमच्या गच्चीवर मुलांना खडू घेऊन उभं केलं. चौथीतला एक मुलगा, उंची बरोबर चार फूट. सकाळी नऊला त्याची सावली आखली तर दहा फूट भरली. मुलं हसत होती. तोच मुलगा त्याच जागी दुपारी पाऊण वाजता उभा केला तर सावली साडेतीन फूट. नाशिकच्या अक्षांशावर पौष महिन्यात सावली उंचीपेक्षा आखूड असते ती साधारण साडेअकरापासून दोनपर्यंतच, आणि डिसेंबरच्या शेवटी तर भर दुपारीही जेमतेम. म्हणजे हिवाळ्यात दिवसाचे दोन-अडीच तास, तेवढेच. आणि नेमक्या त्या वेळी आपली मुलं वर्गात, पंख्याखाली, ट्यूबच्या उजेडात बसलेली असतात.

आपल्या सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. मुलांच्या झोपेसाठी तो निर्णय चांगला आहे. पण नऊची प्रार्थना आणि त्याला जोडून कवायत हे मुलांच्या हाडांच्या हिशेबात धरता येणार नाही. सावली दहा फूट असताना घेतलेली कवायत अंग मोकळं करील, हाडांना ‘ड’ देणार नाही. शाळा सुटल्यावर साडेपाचला खेळली तरी तेच.

उन्हाळ्यात गणित वेगळं. एप्रिलमध्ये साडेनऊलाच सावली उंचीइतकी होते. तेव्हा भर दुपारी मुलांना बाहेर काढायचं मी म्हणत नाही, कुणी काढूही नये. सकाळच्या शाळेत साडेनऊ ते दहा हा अर्धा तास पुरेसा आहे, डोक्याला टोपी आणि पाण्याची बाटली सोबत. पावसाळ्यात ऊन पडेल तेव्हा. हे जीवनसत्त्व शरीरातल्या चरबीत काही आठवडे साठून राहतं, त्यामुळे एखाददुसरा दिवस बुडला तरी बिघडत नाही. आठवड्यातून चार-पाच वेळा, अर्धा तास, हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत उघडे. आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून पाच-दहा मिनिटांवर भागवू नये. कातडी लाल व्हायच्या आत सावलीत यावं.

आणि गणवेश. आमच्या भागातल्या एका शाळेत खेळाच्या तासाला पूर्ण बाह्यांचा ट्रॅकसूट, पायांत मोजे-बूट, मुलींना वर ओढणीसारखं जाकीट. चेहरा आणि तळहात एवढंच उघडं. मैदान बसगाड्यांना दिलेलं, खेळाचा तास तळघरातल्या हॉलमध्ये. मी बाईंना जाऊन भेटले, शांतपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मावशी, पालकच तक्रार करतात. मुली काळ्या पडतात म्हणतात.’ ह्याचा मला फार राग आला, अजूनही येतो. त्या बाईंचा नाही, त्या तक्रारीचा.

मुलीच्या हाडांची सगळ्यात मोठी भर पडते ती साडेअकरा-बारापासून दोन वर्षांत, मुलांची त्यानंतर दीडेक वर्षाने. मोठेपणीच्या हाडांचा जवळजवळ चौथा हिस्सा त्या दोन वर्षांत भरला जातो. नेमक्या ह्याच वयात आपण मुलीला सांगतो, उन्हात जाऊ नको, रंग जाईल, आता मैदानावर धावू नको. ह्याच वयात तिची पाळी सुरू होते, ती घरात बसते, डाएट म्हणून दूध-पोळी सोडते. पुढे तिची आठ-दहा वर्षांनी प्रसूती होते तेव्हा कंबरेचं हाड किती भरलं होतं ह्याला किंमत येते. आणि आईच्या अंगात ‘ड’ कमी असेल तर बाळही कमी घेऊनच जन्मतं, तिच्या दुधातही ते उतरत नाही. दोन पिढ्यांचं नुकसान रंगासाठी करून घ्यायचं!

हे काही आजचं नाही. १९२२ साली हचिसन आणि शहा ह्या दोन डॉक्टरांनी आपल्या नाशिक भागातल्याच मुडदुसाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांना दिसलं ते असं, की मुडदूस सापडत होता तो खाऊनपिऊन सुखी असलेल्या, पण बायका-मुलांना घराबाहेर पडू न देणाऱ्या घरांत. दिवसभर शेतात, उन्हात असणाऱ्या मजुरांची मुलं निकृष्ट अन्नावर वाढत होती तरी त्यांच्यात तो जवळजवळ नव्हता. शंभर वर्षं झाली. पडद्याच्या जागी काच आली, एवढाच काय तो बदल.

सुरगाण्यात मलाही तेच दिसलं. मी तिथलं काही गोड करून सांगणार नाही. मुलं अंगाने बारीक, उंचीला कमी, हगवण आणि ताप पाचवीला पुजलेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली, आणि त्यात पाड्यांवरची मुलं आहेतच. पोटच भरत नसेल तर हाड लांब होत नाही, त्याला नुसतं ऊन काय करील? पण रुंद मनगटं आणि वाकडे पाय तिथे मला क्वचितच दिसले. मुलं उघडी, दिवसभर बाहेर, आणि ताटात नागलीची भाकर, उडदाचं वरण, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी, बाजाराच्या दिवशी सुकट.

त्या ताटाची किंमत शहरात कुणाला सांगितली तर पटत नाही. ज्याला इकडे नाचणी म्हणतात त्या नागलीत शंभर ग्रॅमला ३६४ मिलीग्रॅम कॅल्शियम आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यातला हा आकडा. त्याच तक्त्यात गव्हाचं पीठ तीसच्या आसपास आणि तांदूळ दहाच्याही आत. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला ६५० मिलीग्रॅम लागतं, दहा ते बाराला ८५०, तेरा ते पंधराला १०००. ते कसं भरायचं? नागलीची एक मध्यम भाकर म्हणजे अंदाजे १८०. पेलाभर दूध २४०. वाटीभर दही सव्वाशे. दोन चमचे तिळाची चटणी शंभरेक. सात वर्षांच्या मुलाचं झालं. ह्यातलं सगळंच अंगी लागतं असं नाही. नागलीत कॅल्शियम अडकवून ठेवणारं फायटेटही असतं. पण नागली भिजवून मोड आणून दळली, किंवा आंबील केली, की ते बरंच कमी होतं. आपल्या आयाबाया नाचणीसत्त्व मोड आणूनच करत आल्या आहेत, ते तसंच करावं. दूध चालत नाही त्या घरात सुकट, जवळा, मांदेली काट्यासकट खाल्ली तर उत्तम. शेवग्याचा पाला वरणात टाकावा. पालकावर मात्र विसंबू नये, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. लोहासाठी, इतर गुणांसाठी खुशाल खावा.

आणखी एक. हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नव्हे. आत प्रथिनांची जाळी असते, तिच्यावर कॅल्शियम आणि फॉस्फरस बसतात. सळ्या न घालता नुसतं सिमेंट ओतलं तर स्लॅब उभा राहतो का? ती जाळी विणायला डाळ, अंडं, दूध, मासळी लागते आणि ‘क’ जीवनसत्त्व लागतं, म्हणजे आवळा, पेरू, लिंबू. हिरव्या पाल्यातलं ‘के’ जीवनसत्त्वही हाडाच्या कामाचं. आणि हाडावर भार पडावा लागतो. दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो, पळापळी. मोबाइल घेऊन पलंगावर लोळणाऱ्या मुलाला कितीही कॅल्शियम पाजा, हाड घट्ट होणार नाही.

‘ड’ जीवनसत्त्व अन्नातून मात्र फार थोडं मिळतं. दिवसाची गरज ६०० युनिट. अंड्याच्या बलकात चाळीसच्या आसपास. दुधाच्या पिशवीवर निळ्या चौकोनात ‘प्लस एफ’ असं चिन्ह असेल तर त्या दुधात ‘अ’ आणि ‘ड’ घातलेलं असतं. ती पिशवी घ्यावी, पण त्यातही लिटरला दोनशे ते तीनशे युनिट, म्हणजे पेल्यात पन्नास. म्हणून मी उन्हाचा हट्ट धरते आहे. केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या पोषण सर्वेक्षणात एक ते चार वयाच्या १४ टक्के, पाच ते नऊच्या १८ टक्के आणि दहा ते एकोणीसच्या २४ टक्के मुलामुलींत ‘ड’ची कमतरता सापडली. शाळेत जाणारी मुलं वाढत्या वयाबरोबर सुधारायला हवीत, ती उलटी घसरत जातात.

मग घरोघरी दोन उपाय चालतात. एक, डब्यातली पावडर. दोन चमचे घातले की मूल उंच होतं असं जाहिरातीत दाखवतात. डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा, साखर किती आहे पाहा. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेयं ‘आरोग्यपेय’ ह्या सदरातून काढायला सांगितलं होतं, ते उगीच नाही. त्यात जे कॅल्शियम मिळतं ते बरंचसं आपण घातलेल्या दुधाचंच असतं.

दुसरा उपाय जास्त काळजीचा. ‘ड’ची साठ हजार युनिटची पाकिटं मोठ्यांना आठवड्यातून एकदा दिलेली असतात, ती घरातल्या मुलालाही ‘उंचीसाठी’ चालू ठेवतात. काही जण डॉक्टरांना न विचारता मोठ्या मात्रेचं इंजेक्शन मागतात. ‘ड’ जास्त झालं तर ते लघवीवाटे निघून जात नाही. रक्तात कॅल्शियम वाढतं, मूल मलूल होतं, ओकतं, शौचाला कडक होते, लघवी खूप होते, मूत्रपिंडावर येतं. थेंबांच्या बाटल्याही सारख्या नसतात, एकीत मिलीला ४०० युनिट, दुसरीत ८००. बाटली बदलली की मात्रा वाचा. तान्ह्या बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट द्यावं असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, ते जरूर द्यावं. इथे उलटं होतं. पहिली बाटली संपते आणि दुसरी कुणी आणतच नाही.

शाळेतल्या जेवणाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. पाचवीपर्यंतच्या मुलाला त्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. २०२३ च्या शेवटी आपल्या राज्याने त्यात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असं जोडलं. पाहुण्यासारखं का होईना, अंडं ताटात आलं. मग २०२५ च्या जानेवारीत आदेश निघाला, अंड्यांसाठी आणि नाचणीसत्त्व-खिरीच्या साखरेसाठी वेगळा पैसा मिळणार नाही, लोकसहभागातून उभा करा. शहरातल्या शाळेत लोकसहभाग उभा राहील. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर कोण उभा करणार? जिथे अंड्याची गरज जास्त तिथेच ते आधी बंद पडणार. हा पैसा सरकारने पुन्हा कायमचा द्यावा, आणि शाळांसाठी नागली आपल्याच डोंगरातल्या शेतकऱ्यांकडून घ्यावी. ते पिकवतात, आणि त्यांचीच पोरं शाळेत भात खातात.

पण सरकारच्या पैशाला वेळ लागतो, वेळापत्रकाला लागत नाही. शिक्षक म्हणतील, दुपारचे तास गणित-इंग्रजीचे, तेव्हा मुलं ताजी असतात. माझा अनुभव असा की जेवणानंतरच्या तासाला मुलं पेंगतात. जेवणाआधी अर्धा तास मैदानावर खेळून आलेलं मूल ताट स्वच्छ करतं, हे शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या कुठल्याही ताईला विचारा. सगळे वर्ग एकाच वेळी मैदानावर मावणार नाहीत, खरं आहे. म्हणून अर्धे वर्ग सुट्टीच्या आधी, अर्धे नंतर. बाह्या वर करू द्या, मोजे काढू द्या. एवढ्याला परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही, मुख्याध्यापकांच्या सहीने होतं.

पालकांनाही सांगणं आहे. शाळेत तक्रार घेऊन जाणार असाल तर तळघरात खेळाचा तास का घेता ही तक्रार घेऊन जा. सोसायटीच्या आवारात ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी असेल तर येत्या सभेत ती काढायचा ठराव मांडा. आमच्या सोसायटीत तो मी मांडला आहे, सभा पुढच्या रविवारी आहे.

कळावे,

एक निवृत्त आरोग्यसेविका
पाथर्डी फाटा, नाशिक